दुसऱ्याच्या दुखापतीतून आलेली कप्तानी

मॅच संपल्यावर चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते. "त्याचं नशीब बघा, तो जखमी झाला म्हणून ह्याला चान्स मिळाला." बोलणारा 'ह्या'च्या नशिबाबद्दल बोलत असतो, 'त्या'च्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. जखमी खेळाडू टीव्हीच्या पडद्यावरून गेला की चर्चेतूनही जातो.

क्रिकेटच्या इतिहासात अशी उदाहरणे भरपूर आहेत. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली. सलामीला जायला माणूस हवा होता. सचिन तेंडुलकरने कप्तान अझहरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे हट्ट धरला आणि ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. पुढचा इतिहास शाळकरी पोरांनाही पाठ आहे. दोन वर्षांनी, जून १९९६ मध्ये, लॉर्ड्सवर संजय मांजरेकरचा घोटा दुखावला होता, म्हणून राहुल द्रविडला कसोटीत जागा मिळाली. त्याने ९५ धावा केल्या. मांजरेकर त्याच वर्षाच्या अखेरीस शेवटची कसोटी खेळला.

या सगळ्या गोष्टींमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९६२ सालची. तिच्यात एक माणूस मरता मरता वाचला आणि दुसरा वयाच्या २१व्या वर्षी भारताचा कप्तान झाला. मन्सूर अली खान पतौडी यांची गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. काहीजण म्हणतात, नवाब होते, म्हणून कप्तानी मिळाली. आपल्या समाजात ती अभिमानाने सांगतात, "आपला टायगर." दोन्ही प्रकारांत नरी काँट्रॅक्टर हे नाव एका ओळीत उरकले जाते. ती ओळ थोडी मोठी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कप्तान काँट्रॅक्टर

नरी काँट्रॅक्टर यांचा जन्म १९३४ साली गोध्रा येथे एका पारशी कुटुंबात झाला. डावखुरे सलामीवीर. गुजरातकडून प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके केली. १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीत ते पहिली कसोटी खेळले. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर ब्रायन स्टॅथमच्या चेंडूने त्यांची बरगडी मोडली. तशाच अवस्थेत ते खेळत राहिले आणि ८१ धावा करून बाद झाले. हा माणूस चेंडूला घाबरणारा नव्हता. पुढे जे घडले त्याचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवावे लागते.

२६व्या वर्षी ते भारताचे कप्तान झाले. त्या वेळेपर्यंत इतक्या कमी वयाचा कप्तान भारताला मिळाला नव्हता. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. १९६१-६२ मध्ये इंग्लंडचा संघ आला आणि काँट्रॅक्टर यांच्या नेतृत्वाखाली भारताने कोलकाता व मद्रास या दोन कसोटी जिंकल्या. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकण्याची ती भारताची पहिलीच वेळ. मद्रासची कसोटी संपून महिना उलटतो न उलटतो तोच संघ वेस्ट इंडिजला पोहोचला होता.

म्हणजे १९६२च्या फेब्रुवारीत काँट्रॅक्टर हे विजयी कप्तान होते, वय अवघे २७. त्यांना बदलण्याचा विचार कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. उपकप्तान म्हणून निवड समितीने एका पोराला पाठवले होते, पण ती भविष्याची तयारी होती. त्या भविष्याला अजून बराच अवकाश आहे असेच सर्वांना वाटत होते.

एका डोळ्याचा उपकप्तान

तो पोरगा म्हणजे पतौडी. जन्म ५ जानेवारी १९४१, भोपाळ. वडील इफ्तिखार अली खान इंग्लंडकडूनही कसोटी खेळले आणि १९४६ मध्ये भारताचे कप्तानही झाले. ५ जानेवारी १९५२ रोजी, मुलाच्या अकराव्या वाढदिवशी, दिल्लीत पोलो खेळताना त्यांचा मृत्यू झाला. मुलगा पुढे इंग्लंडमध्ये विंचेस्टरला शिकला, मग ऑक्सफर्डला गेला आणि १९६१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ संघाचा कप्तान झाला.

१ जुलै १९६१ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्हजवळ एका मोटार अपघातात काचेचा तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसला. त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. दोन्ही डोळे उघडे ठेवले की एकाचे दोन चेंडू दिसत. टोपी उजव्या डोळ्यावर ओढून, एका डोळ्याने चेंडूचा अंदाज घेणे ते नव्याने शिकले. अपघाताला सहा महिने व्हायच्या आत, डिसेंबर १९६१ मध्ये, दिल्लीत इंग्लंडविरुद्ध ते कसोटी खेळले आणि जानेवारीत मद्रासला त्यांनी १०३ धावा केल्या.

नवाबीमुळे दार लवकर उघडले असेल, हे मी नाकारत नाही. त्या काळच्या क्रिकेटमध्ये संस्थानिकांचा दबदबा होताच. पण एका डोळ्याने वेगवान गोलंदाजी खेळायला नवाबी उपयोगी पडत नाही.

ब्रिजटाऊन, १७ मार्च

दौऱ्याची सुरुवात वाईट झाली. पोर्ट ऑफ स्पेन आणि किंग्स्टन, दोन्ही कसोटी भारत हरला. तिसऱ्या कसोटीआधी ब्रिजटाऊनला बार्बाडोस बेटाच्या संघाशी सामना होता. त्या संघात चार्ली ग्रिफिथ नावाचा तरुण वेगवान गोलंदाज होता.

हेल्मेट तेव्हा अस्तित्वात नव्हते. गोलंदाजाच्या पाठीमागे साइटस्क्रीनही नव्हती. काँट्रॅक्टर मडगावच्या दिलीप सरदेसाईंबरोबर सलामीला आले. ग्रिफिथचा एक चेंडू उसळला. त्याच क्षणी समोर पॅव्हेलियनमध्ये कुणीतरी खिडकी उघडली आणि आपले लक्ष विचलित झाले, असे काँट्रॅक्टर यांनी नंतर मुलाखतींत सांगितले. चेंडू उजव्या कानाच्या वर डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली.

ते मैदानातून बाहेर गेले, पण थोड्याच वेळात प्रकृती ढासळली. मेंदूवर दाब येत होता. इस्पितळात तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्ताची गरज पडली. रक्त द्यायला सर्वांत आधी पुढे आले ते वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल. त्यांच्या पाठोपाठ चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आणि दौऱ्यावर आलेले पत्रकार के. एन. प्रभू यांनी रक्त दिले.

ही नावे पुन्हा एकदा वाचा. बार्बाडोसमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय कप्तान. पुण्याचा मराठी ख्रिस्ती बोर्डे. नाशिकचा नाडकर्णी. सोलापूरला जन्मलेला पारशी उम्रीगर. गोध्र्याच्या एका पारशी माणसाचा जीव या सर्वांच्या रक्तावर वाचला. रक्ताच्या बाटलीवर गट लिहिलेला असतो, धर्म किंवा देश लिहिलेला नसतो. आज कोण कुणाचा हे रोज नव्याने सिद्ध करावे लागते, तेव्हा साठ वर्षांपूर्वीचे हे इस्पितळ आठवायला हवे.

त्याच सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. ग्रिफिथ चेंडू 'फेकतो', म्हणजे हात वाकवून टाकतो, या कारणाने पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी त्याचा एक चेंडू नोबॉल ठरवला. ग्रिफिथच्या गोलंदाजीवरचा वाद पुढे अनेक वर्षे चालला. काँट्रॅक्टर यांनी मात्र त्याला दोषी धरले नाही.

सहा दिवस

काँट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते. त्याच गावात २३ मार्चला तिसरी कसोटी सुरू झाली. इस्पितळात एक कप्तान जगण्यामरण्याच्या सीमेवर आणि केन्सिंग्टन ओव्हलवर दुसरा कप्तान नाणेफेकीला.

संघाचे व्यवस्थापक होते हैदराबादचे माजी कप्तान गुलाम अहमद. पतौडींना आता संघ सांभाळायचा आहे, हे त्यांनीच सांगितले. वय २१ वर्षे ७७ दिवस. तोवर कसोटी क्रिकेटमध्ये इतक्या लहान वयाचा कप्तान जगात कुठेच झाला नव्हता. हा विक्रम ४२ वर्षे टिकला. २००४ मध्ये झिम्बाब्वेच्या टाटेंडा टायबूने तो मोडला आणि २०१९ मध्ये अफगाणिस्तानच्या राशिद खानने टायबूलाही मागे टाकले.

पतौडींची ती अवघी चौथी कसोटी. संघात उम्रीगर होते, जे आधी कप्तान राहिले होते. विजय मांजरेकर होते, बोर्डे होते. वयाने आणि अनुभवाने हे सगळे मोठे. वडीलधाऱ्यांना क्षेत्ररक्षणाला कुठे उभे राहायचे ते सांगायचे, तेही संघ भेदरलेला असताना. अशी कप्तानी मिळाल्याचा आनंद कुणाला होईल, मला कळत नाही.

निकाल चांगला लागला नाही. शेवटच्या दिवशी लान्स गिब्सच्या फिरकीने दुसरा डाव गुंडाळला. ५३.३ षटके, ३७ निर्धाव, ३८ धावा, ८ बळी. भारत डावाने हरला. सरदेसाईंनी दुसऱ्या डावात झुंजत ६० धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत उम्रीगर यांनी नाबाद १७२ आणि सलीम दुराणी यांनी १०४ धावा केल्या, तरी पराभव टळला नाही. मालिका ५-० अशी गेली.

म्हणजे 'मोठा ब्रेक' म्हणतात तो असा होता. पहिल्या तीन कसोटींत कप्तान म्हणून तीन पराभव. सचिनच्या ऑकलंडच्या डावासारखे काही घडले नाही. दुसऱ्याच्या दुखापतीतून मिळालेली जागा नेहमी फुलांनी सजवलेली नसते. बऱ्याचदा ती पडक्या घराची किल्ली असते.

किल्लीचे काय केले

पतौडी ४६ कसोटी खेळले, त्यांपैकी ४० मध्ये कप्तान होते. ९ जिंकल्या, १९ हरल्या. आकडेवारीत हे फार मोठे दिसत नाही. पण १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशात पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली ती त्यांच्या नेतृत्वाखाली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांवर त्यांनी विश्वास टाकला. आपल्याकडे वेगवान गोलंदाज नाहीत, तर जे आहे त्यानेच जिंकू, हा विचार त्यांनी संघात रुजवला. क्षेत्ररक्षणाची शिस्त आणली. आपण पंजाब, मुंबई किंवा मद्रासचे नसून भारताचे आहोत, हे त्या काळी संघात सांगावे लागत असे आणि ते पतौडींनी सांगितले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर वारंवार म्हटले आहे.

मग एक दिवस दुखापतीचे चक्र त्यांच्यावरच फिरले. डिसेंबर १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात पतौडींच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि ॲडलेडची पहिली कसोटी त्यांना खेळता आली नाही. कप्तान झाले चंदू बोर्डे. बार्बाडोसमध्ये रक्त देणारे बोर्डे. १९६२ मध्ये वयाने व अनुभवाने मोठे असूनही ते पतौडींच्या हाताखाली खेळले होते. ५५ कसोटींच्या कारकिर्दीत बोर्डे यांना कप्तानीची ही एकच कसोटी मिळाली. भारत १४६ धावांनी हरला, पुढच्या कसोटीला पतौडी परतले आणि बोर्डे पुन्हा साधे खेळाडू झाले.

त्याच ॲडलेड कसोटीत पतौडींच्या रिकाम्या जागेवर हैदराबादच्या सय्यद आबिद अली यांचे पदार्पण झाले. त्यांच्या निवडीचे अनेकांना आश्चर्य वाटले होते. त्यांनी पहिल्याच डावात ५५ धावांत ६ बळी घेतले. तोवर कोणत्याही भारतीयाने कसोटी पदार्पणात इतकी चांगली गोलंदाजी केली नव्हती. त्याच मालिकेत सिडनीला त्यांनी ७८ आणि ८१ धावाही केल्या. १९७१ मध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकली तेव्हा विजयी चौकार आबिद अली यांच्या बॅटमधून निघाला. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले, तेव्हा बातम्यांमध्ये तो चौकार सर्वत्र होता.

पतौडी स्वतः त्या दौऱ्यात मेलबर्नला दुखऱ्या पायानेच खेळले आणि ७५ व ८५ धावा केल्या. एक डोळा आणि एक पाय यांच्या भरवशावर.

चक्र एवढ्यावर थांबले नाही. १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध बंगळुरूला पतौडींचे बोट निखळले. दिल्लीच्या कसोटीसाठी सुनील गावसकरही जखमी असल्याने उपलब्ध नव्हते. मग कप्तानी वेंकटराघवन यांच्याकडे आली. पुढच्या कोलकाता कसोटीला पतौडी परतले आणि वेंकटराघवन अकरा जणांच्या संघातही उरले नाहीत. दुसऱ्याच्या दुखापतीने मिळालेली खुर्ची अशीही निघून जाते.

जो परत आला नाही

आता पुन्हा काँट्रॅक्टर यांच्याकडे येऊ. भारतात परतल्यावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चांडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. अपघातानंतर साधारण दहा महिन्यांत ते प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये परतले. हे वाक्य सहज लिहिले जाते, पण त्याचा अर्थ काय? डोक्यात धातूची पट्टी, हेल्मेट नाही आणि समोरून येणारा वेगवान गोलंदाज. ते १९७०-७१ पर्यंत खेळत राहिले. पुन्हा कसोटी खेळायची त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. ३१ कसोटी, १,६११ धावा, एक शतक. शेवटची कसोटी किंग्स्टनची, वयाच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाच्या आसपासची.

ती पट्टी त्यांनी साठ वर्षे डोक्यात बाळगली. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया करून ती काढण्यात आली. ते तेव्हा ८८ वर्षांचे होते.

काँट्रॅक्टर जखमी झाले नसते तर पतौडी कप्तान झालेच नसते का? उपकप्तान तेच होते, त्यामुळे कधीतरी झाले असते. पण पाच-सहा वर्षांनी. ती पाच-सहा वर्षे काँट्रॅक्टर यांची होती. ती त्यांच्याकडून कुणा माणसाने हिसकावली नाहीत, एका चेंडूने नेली. म्हणून पतौडींवर आरोप करण्यात अर्थ नाही आणि केवळ नशीब म्हणून सोडून देण्यातही नाही. मला यासाठी आपल्या रोजच्या बोलण्यातला एकच शब्द योग्य वाटतो, अमानत. दुसऱ्याची ठेव आपल्या हाती आली. ती मागितली नव्हती, पण आली. आता तिचे काय करता, यावर तुमची किंमत ठरते.

मोहल्ल्यातल्या, गावातल्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांना मी हेच सांगत आलो आहे. राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलेल्या पोराच्या मनात एक चोरटा विचार येतो, कुणीतरी जखमी व्हावे. तो विचार आला म्हणून पोरगा वाईट ठरत नाही. पण जागा मिळाल्यावर मैदानातून बाहेर नेल्या जाणाऱ्या मुलाकडे वळून पाहणे त्याला शिकवावे लागते. सामना संपल्यावर इस्पितळात आधी कोण जाते, त्यावरून मला संघ कळतो.

रक्त आणि डोळा

रक्त देणाऱ्या वॉरेल यांची गोष्टही सांगितली पाहिजे. १९६६-६७ मध्ये वेस्ट इंडिजच्या संघाबरोबर ते भारतात आले होते. त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि १३ मार्च १९६७ रोजी ४२व्या वर्षी किंग्स्टनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. काँट्रॅक्टर यांच्या अपघाताला पाच वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. बंगालची क्रिकेट संघटना १९८१पासून ३ फेब्रुवारी हा दिवस फ्रँक वॉरेल दिन म्हणून पाळते आणि रक्तदान शिबिर भरवते. एका परदेशी कप्तानाच्या नावाने कोलकात्यात हजारो लोक रक्त देत आले आहेत. त्यातले बहुतेक त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेले.

पतौडी २२ सप्टेंबर २०११ रोजी दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुटुंबीयांनी नेत्रदान केले. ज्या माणसाने अख्खी कारकीर्द एका डोळ्यावर काढली, त्याने जाताना तो डोळाही ठेवून घेतला नाही.

पतौडींचे नाव घेताना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटतो. पण पुढच्या वेळी 'आपला टायगर' म्हणताना त्या इस्पितळात रांगेत उभे राहिलेल्या रक्तदात्यांनाही आपलेच म्हणावे आणि खाटेवर पडलेल्या त्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या कप्तानालाही.